कादंबरींतील गूढलिपि व खरी गूढलिपि

शाळेंतील मुलामुलींना ज्या कथा विशेष आवडतात त्यांमध्यें युद्धकाळांतील गूढलिपीच्या कथांची गणना अवश्य करावी लागेल. शत्रूचा एक अगम्य कागद हातीं लागतो. त्यावरील अक्षरांस कांहीं अर्थ दिसत नाहीं. घड्याळाचे कांटे पुढें सरकत असतात. आणि शेवटीं कोणी पंधरा-सोळा वर्षांची चतुर मुलगी एकाएकीं 'सांपडलें!' म्हणून ओरडते, व एक नगर किंवा एक जहाज वांचतें. अशी कथा वाचीत असतां जेवणाची हाक ऐकूं येत नाहीं, हा अनुभव पुष्कळांस असेल. पालकांच्या मनांत मात्र अशा वेळीं शंका येते कीं, या वाचनानें मुलांच्या हातीं काय लागतें? केवळ करमणूक, कीं कांहीं ज्ञानहि? या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आम्ही येथें प्रयत्न करीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या कथा आनंदानें वाचाव्या; परंतु त्यांमागील खरी हकीकत समजून घेऊन वाचाव्या. कारण ती हकीकत कथेपेक्षां अधिक आश्चर्यकारक आहे. आणि ज्याला आपण फार बुद्धिमान् नाहीं असें वाटतें, त्या विद्यार्थ्यास तर तिच्यापासून अधिकच उमेद येण्यासारखी आहे.

ऐतिहासिक कादंबरीची रीत मराठी वाचकांस नवी नाहीं. हरि नारायण आपटे यांनीं 'उषःकाल' लिहितांना शिवकालांतील खऱ्या घडामोडींच्या शेजारीं कल्पित माणसें उभीं केलीं. त्याच रीतीनें इंग्रजींत आज तरुण वाचकांसाठीं दुसऱ्या महायुद्धांतील गूढलिपीवर कादंबऱ्या लिहिल्या जातात. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेली, रूटा सेपेटिस व स्टीव्ह शाइनकिन या दोघांनीं मिळून लिहिलेली 'द ब्लेचली रिडल' ही त्यांपैकींच एक होय. तिच्यांतील चौदा वर्षांची लिझी व तिचा थोरला भाऊ जेकब हीं कल्पित आहेत. परंतु १९४० सालचें युद्धग्रस्त इंग्लंड, ब्लेचली पार्क हें स्थळ आणि 'एनिग्मा' हें जर्मन यंत्र हीं सर्व खरीं आहेत. कल्पित तें कोठें संपतें व खरें तें कोठें सुरू होतें हें ज्यास कळलें, त्याला अशा पुस्तकाचा दुप्पट लाभ झाला असें समजावें. म्हणून प्रथम गूढलिपि म्हणजे काय तें पाहूं.

गुप्तपणें बोलण्याची हौस आपल्याकडेहि जुनीच आहे. चौसष्ट कलांच्या यादींत 'म्लेच्छितविकल्प' म्हणून एक कला सांगितली आहे, ती अशीच गुप्त भाषणाची व लेखनाची. करपल्लवींत बोटांच्या खुणांनीं अक्षरें सुचवितात. आणि शाळेच्या पटांगणावर मुलें 'च'ची भाषा बोलतात, तींत 'मला' याचें 'चलाम' होतें. कागदावर लिहावयाचें झाल्यास सर्वांत सोपी युक्ति म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागीं वर्णमालेंतील त्याच्या पुढचें अक्षर लिहिणें, व काना-मात्रा असतील तर त्या तशाच ठेवणें. या रीतीनें 'नगर' हा शब्द 'पघल' असा दिसेल. ज्यास नियम ठाऊक आहे तो तें क्षणांत वाचील; इतरांस तीं अक्षरें निरर्थक वाटतील.

परंतु ही युक्ति फार वेळ टिकत नाहीं. 'न'च्या जागीं नेहमींच 'प' येत असल्यामुळें, जें अक्षर भाषेंत वारंवार येतें त्याचें सोंगहि तितक्याच वारंवार येतें. एखादा मोठा लेख घेऊन त्यांतील चिन्हें मोजावीं. कोणतें चिन्ह किती वेळां आलें याचें कोष्टक मांडावें. म्हणजे कोणतें चिन्ह कोणत्या अक्षराचें आहे हें हळूहळू उघड होतें. नवव्या शतकांत बगदाद येथील अल्-किंदी या विद्वानानें ही रीत लिहून ठेविली आहे. तेव्हांपासून लपविणारे व शोधणारे यांची शर्यत चालूच आहे. लपविणारांस असें कांहीं साधन हवें होतें कीं, ज्यांत एकच अक्षर दर वेळीं निराळें सोंग घेईल. एनिग्मा यंत्रानें तेंच साधलें.

हें यंत्र पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आर्थर शेर्बियस या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानें कल्पिलें, व पुढें जर्मन सैन्यानें तें आपल्या कामासाठीं सुधारून घेतलें. बाहेरून तें लहानशा टंकलेखन-यंत्रासारखें दिसे. त्यावर रोमन लिपीच्या २६ अक्षरांच्या कळा व तितकेच लहान दिवे असत. एक कळ दाबली कीं विजेचा प्रवाह तीन चक्रांतून जाई, टोकाला पोहोंचून परत फिरे, पुन्हां त्याच चक्रांतून दुसऱ्या वाटेनें येई आणि एक दिवा लावी. तो दिवा ज्या अक्षराचा, तें अक्षर संदेशांत लिहावयाचें. प्रत्येक वेळीं कळ दाबतांच एक चक्र एक घर पुढें सरके. त्यामुळें तीच कळ पुन्हां दाबली तरी दिवा बहुधा निराळाच लागे. शिवाय पुढच्या बाजूस तारांची एक फळी असे. तींत दहा तारा जोडून वीस अक्षरांची आपसांत अदलाबदल करीत. पांच चक्रांपैकीं कोणतीं तीन घ्यावयाचीं, तीं कोणत्या क्रमानें बसवावयाचीं, कोणत्या अक्षरापासून फिरवावयाचीं व तारा कोठें जोडावयाच्या, हें वारंवार बदलत असे. या सर्वांचा हिशेब केला, तर यंत्र मांडण्याचे प्रकार एकावर वीस शून्यें ठेवून होणाऱ्या संख्येच्या दीडपटीहून अधिक भरतात. एका सेकंदास एक याप्रमाणें ते सर्व तपासूं म्हटलें, तर सुमारें पांच लक्ष कोटि वर्षें लागतील! जर्मन अधिकाऱ्यांना आपलें गुपित अभेद्य वाटलें, यांत नवल तें काय?

या कोड्याचा पहिला उलगडा इंग्लंडांत झाला नाहीं, ही गोष्ट कथांमध्यें पुष्कळदां झांकली जाते. तो पोलंडांत झाला. पोझनान येथील विद्यापीठांत गणित शिकलेले मारियान रेयेव्स्की, हेन्रिक झिगाल्स्की व येर्झी रुझित्स्की हे तिघे तरुण पोलिश सरकारच्या गूढलिपि-कचेरींत काम करीत असत. १९३२ च्या अखेरीस रेयेव्स्कीनें, फ्रेंचांनीं एका फितूर जर्मन नोकराकडून मिळविलेल्या कागदांच्या साहाय्यानें व गणिताच्या बळावर, त्या यंत्रांतील चक्रांची आंतली जोडणी तीं चक्रें न पाहतांच ठरविली. त्या वेळीं त्याचें वय २७ वर्षांचें होतें. पुढें जुलै १९३९ मध्यें, युद्ध पांच आठवड्यांवर येऊन ठेपलें असतां, पोलिश अधिकाऱ्यांनीं वॉर्साजवळील पिरी येथील जंगलांत इंग्रज व फ्रेंच तज्ज्ञांस बोलाविलें आणि आपलें सर्व ज्ञान त्यांच्या स्वाधीन केलें. सप्टेंबरांत जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली व तो देश पारतंत्र्यांत गेला. पण त्याचें ज्ञान मात्र वांचलें. आपल्या घरास आग लागण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या हातीं दिवा देऊन ठेवावा, तसेंच हें झालें.

तो दिवा घेऊन जेथें काम चाललें, तेंच ब्लेचली पार्क. लंडनच्या वायव्येस सुमारें ८० किलोमीटरांवर असलेला हा एका श्रीमंत गृहस्थाचा जुना वाडा. त्याच्या आवारांत लांकडी झोंपड्या उभारून इंग्रज सरकारनें आपली गूढलिपि-कचेरी तेथें थाटली. आरंभीं थोडे पंडित होते. कोणी गणिती, कोणी प्राचीन ग्रीक भाषेचे जाणकार, कोणी बुद्धिबळपटु. १९४५ च्या प्रारंभीं मात्र या कामावर सुमारें ९००० माणसें होतीं, आणि त्यांत चारांतील तीन या प्रमाणांत स्त्रिया होत्या. त्यांतील पुष्कळ जणी नुकत्याच शाळा-कॉलेजांतून बाहेर पडलेल्या.

हीं माणसें काम कसें करीत, हें आमच्या वाचकांस एका घरगुती उदाहरणानें समजेल. वसतिगृहांतील एखाद्या विद्यार्थ्यानें जुन्या रीतीनें घरीं पत्र लिहिलें, व तें गूढलिपींत असलें, तरी त्याच्या आरंभीं 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष' हे शब्द असणार, हें कोणीहि मराठी मनुष्य तें न वाचतां सांगेल. जर्मन सैन्याचेंहि तसेंच होतें. हवामानाचें वृत्त रोज ठराविक वेळीं, ठराविक शब्दांनीं सुरू होई. अधिकाऱ्यांच्या लांबलचक पदव्या पुन्हां पुन्हां येत. कोणी एक पहारेकरी दररोज 'कळविण्यासारखें कांहीं नाहीं' एवढेंच इमानानें कळवी. संदेशांत अमुक शब्द असावा अशी अटकळ एकदां बांधतां आली, म्हणजे अंधारांत पाय ठेवावयास पहिली पायरी मिळाली.

आतां ही अटकळ नेमकी कोठें बसते हें कसें ठरवावयाचें? एनिग्मा यंत्रांत एक व्यंग होतें. प्रवाह टोकावरून परत फिरत असल्यामुळें कोणतेंहि अक्षर स्वतःच्याच सोंगांत कधींच येऊं शकत नसे. 'क' चा 'क' कधींहि होत नसे. समजा, हातीं आलेला संदेश 'ट स म ग र प द क ल' असा आहे, व त्यांत 'नमस्कार' या शब्दांतील न, म, स, क, र हीं पांच अक्षरें कोठें तरी दडलीं आहेत अशी आपली अटकळ आहे. पहिल्या अक्षरापासून तीं खालीं मांडून पाहावीं. पांचव्या घरांत 'र' खालीं 'र' येतो, म्हणून ती जागा बाद. दुसऱ्या अक्षरापासून मांडलीं तर 'म' खालीं 'म' येतो, तीहि बाद. तिसऱ्यापासून व चौथ्यापासून कोठेंच टक्कर होत नाहीं. त्या दोन जागा संभवतात. पांचव्यापासून मांडलीं तर 'क' खालीं 'क' येतो, ती बाद. येणेंप्रमाणें पांच जागांपैकीं तीन केवळ पेन्सिल व कागद यांच्या साहाय्यानें गळाल्या. विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें. गूढलिपीचा उलगडा म्हणजे चमत्कार नव्हे, तर अशक्य तें एकेक करून बाजूस सारणें होय, हें त्यांच्या ध्यानीं येईल.

उरलेल्या जागांसाठीं मात्र मनुष्याचा हात अपुरा पडे. त्यासाठीं ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञानें एका मोठ्या यंत्राची योजना आंखली व गॉर्डन वेल्चमन यानें तींत महत्त्वाची सुधारणा सुचविली. या यंत्रास 'बॉम्ब' म्हणत. फुटणाऱ्या बाँबशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. अटकळ खरी आहे असें धरून हें यंत्र चक्रांच्या मांडण्या भराभर तपाशी, ज्यांत विसंगति येई त्या टाकून देई, व एखादी संभवनीय मांडणी भेटली कीं थांबे. मग ती खरी कीं खोटी हें माणसांनीं पाहावयाचें. पहिलें यंत्र मार्च १९४० मध्यें बसविण्यांत आलें. युद्ध संपेपर्यंत अशीं दोनशेंहून अधिक यंत्रें झालीं. नौदलाच्या महिला-शाखेंतील मुली रात्रंदिवस पाळीपाळीनें तीं चालवीत. यंत्रांचा खडखडाट, तेलाचा वास, हजारों तारा नीट जोडण्याची जबाबदारी. आणि आपण शोधून काढलेल्या मांडणीनें कोणता संदेश उघडला हें त्यांस बहुधा कधींच सांगितलें जात नसे.

या मंडळींतील एका मुलीची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. मेव्हिस लीव्हर ही लंडन येथील कॉलेजांत जर्मन भाषा शिकत होती. १९४० मध्यें, १९ वर्षांची असतांना, ती ब्लेचली येथें डिली नॉक्स या वृद्ध पंडिताच्या हाताखालीं रुजू झाली. एकदां एक लांबलचक इटालियन संदेश तिच्यापुढें आला. तो पाहतां पाहतां तिच्या लक्षांत आलें कीं, यांत सर्व अक्षरें आहेत, पण 'एल्' हें अक्षर एकदांहि नाहीं. दुसऱ्या कोणी ही नुसती गंमत म्हणून सोडून दिली असती. मेव्हिसनें विचार केला: कोणतेंहि अक्षर स्वतःच्या रूपानें येऊं शकत नाहीं, मग ज्या संदेशांत 'एल्' मुळींच नाहीं, त्याच्या मूळांत सगळे 'एल्'च तर नसतील? आणि तसेंच होतें. यंत्राची चांचणी घेण्यासाठीं कोणा कंटाळलेल्या इटालियन शिपायानें एकच कळ पुन्हां पुन्हां दाबून निरर्थक संदेश पाठविला होता. त्याच्या त्या आळसामुळें यंत्राच्या आंतील जोडणीविषयीं मोठा सुगावा लागला. जें आहे तें सर्वांनाच दिसतें. जें नाहीं तें पाहावयास धीर लागतो.

याच मेव्हिसनें व तिच्या सोबत्यांनीं मार्च १९४१ मध्यें इटालियन नौदलाचे कांहीं संदेश उलगडले, आणि त्यांवरून इटालियन आरमार तीन दिवसांनीं बाहेर पडणार असल्याचें इंग्रजांस कळलें. ग्रीसच्या दक्षिणेस मॅटापान भूशिराजवळ लढाई होऊन इटलीच्या तीन मोठ्या क्रूझर व दोन विनाशिका बुडाल्या. शत्रूस संशय येऊं नये म्हणून आधीं एक टेहळणी विमान मुद्दाम त्यांच्या नजरेस पडेल असें पाठविलें होतें. कथेंत येथें टाळ्या पडतात. परंतु त्या रात्रीं दोन हजारांहून अधिक इटालियन खलाशी मृत्युमुखीं पडले, हेंहि आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगूं इच्छितों. तेहि कोणाचे तरी मुलगे होते. गूढलिपि उलगडणाराच्या पेन्सिलीस रक्त लागलेलें दिसत नाहीं, म्हणून तें सांडलेंच नाहीं असें नव्हे. जी कादंबरी हा विचार वाचकाच्या मनांत उत्पन्न करते, ती आमच्या मतें अधिक मोलाची.

कथांमध्यें आणखी एक गोष्ट क्वचितच येते; ती म्हणजे अपयश. १ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिक महासागरांतील जर्मन पाणबुड्यांनीं तीनऐवजीं चार चक्रांचें यंत्र वापरण्यास सुरुवात केली, आणि ब्लेचली येथील शहाण्यांचे डोळे एकाएकीं मिटल्यासारखे झाले. अमेरिकेहून इंग्लंडकडे धान्य, तेल व युद्धसाहित्य घेऊन येणाऱ्या जहाजांचे तांडे पाणबुड्या कोठें आहेत हें कळल्यास वाट बदलून जात. तें कळेनासें झालें. पुढचे दहा महिने तेथील माणसें रोज कामावर येत, रोज प्रयत्न करीत, आणि बहुधा रोज हात हलवीत परत जात. इकडे समुद्रांत जहाजें बुडतच होतीं.

ही कोंडी फुटली ती एका झोंपडींतील बुद्धिमंताच्या स्फूर्तीनें नव्हे. ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्रीं भूमध्य समुद्राच्या पूर्व भागांत इंग्रज विनाशिकांनीं यू-५५९ ही जर्मन पाणबुडी जखमी करून वर आणली. तिचे खलाशी तिला सोडून पाण्यांत उतरले. तेव्हां 'पेटार्ड' या विनाशिकेवरील लेफ्टनंट अँथनी फॅसन व खलाशी कॉलिन ग्रेझियर हे त्या बुडत्या पाणबुडींत शिरले व कागदपत्रें वर देऊं लागले. तीं घेण्यास टॉमी ब्राउन नांवाचा मुलगा पुढें झाला. तो जहाजावरील उपाहारगृहांत काम करी. वय सोळा वर्षांचें, आणि तेंहि त्यानें खोटें सांगून नोकरी धरलेली. एकाएकीं पाणबुडी बुडाली. टॉमी वांचला, फॅसन व ग्रेझियर तिच्यासह तळाशीं गेले. त्या कागदांत हवामानाच्या संक्षिप्त संदेशांचें पुस्तक होतें. त्याच्या आधारें १३ डिसेंबर १९४२ रोजीं चार चक्रांच्या यंत्राचे संदेश पुन्हां उलगडूं लागले. मृत वीरांस जॉर्ज क्रॉस व टॉमीस जॉर्ज मेडल हें पदक देण्यांत आलें. १९४५ मध्यें घरास आग लागली असतां आपल्या धाकट्या बहिणीस वांचविण्याच्या प्रयत्नांत टॉमीचाहि अंत झाला. आपण वर आणलेल्या त्या ओल्या कागदांनीं किती जहाजें वांचविलीं, हें जगास कळावयास अद्याप बराच काळ जावयाचा होता.

आतां कथालेखकांकडून होणाऱ्या कांहीं चुका सांगणें अवश्य आहे. एक चूक अशी कीं, सर्व श्रेय एकाच अलौकिक पुरुषास दिलें जातें. ट्यूरिंगची बुद्धि असामान्य होती यांत शंका नाहीं. परंतु पोलिश गणिती, यंत्रें घडविणारे कारागीर, दूरच्या ठाण्यांवर कानाला यंत्र लावून रात्र रात्र संदेश उतरून घेणारे तरुण, कार्डें लावणाऱ्या मुली आणि पेटार्डवरचे ते तिघे, यांच्यावांचून ती बुद्धि पांगळी पडली असती. दुसरी चूक कॉव्हेंट्री शहराची. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं त्या शहरावर भयंकर हवाई हल्ला झाला. पंतप्रधान चर्चिल यांस तो आधींच ठाऊक होता, पण गुपित फुटूं नये म्हणून त्यांनीं शहर जळूं दिलें, अशी कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. ऐकावयास ती थरारक आहे. पण उपलब्ध कागदपत्रांवरून ती खरी ठरत नाहीं. मोठा हल्ला येणार हें कळलें होतें. तो लंडनवर येईल असा चर्चिल यांचा समज होता. तिसरी चूक म्हणजे कोणतें जहाज वांचवावयाचें व कोणतें बुडूं द्यावयाचें याचा निर्णय त्या झोंपडींतील चारपांच तरुण करीत, असें दाखविणें. तें काम नौदलाच्या व सरकारच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचें होतें.

स्त्रियांच्या बाबतींत तर कथेपेक्षां खरी हकीकत अधिक विचार करावयास लावते. जोन क्लार्क ही केंब्रिज येथील गणिताची विदुषी. जर्मन नौदलाच्या लिपीवर काम करणाऱ्या निवडक मंडळींत तिचा समावेश होता. परंतु तिचा पगार वाढवावयाचा तर स्त्रियांसाठीं तशी जागाच सरकारी दप्तरांत नव्हती. अखेर तिची नोंद 'भाषातज्ज्ञ' म्हणून करण्यांत आली, वस्तुतः तिला दुसरी कोणतीहि भाषा येत नव्हती! बुद्धीला स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नसतो, पण दप्तराला असतो. आमच्या विद्यार्थिनींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

हें सारें सातासमुद्रांपलीकडचें आहे, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. युद्धकाळांत दिल्लीजवळ आनंद पर्वत येथें, रामजस कॉलेजच्या इमारतींत, ब्लेचलीशीं जोडलेलें एक मोठें केंद्र होतें. तेथें जपानी सैन्याचे बिनतारी संदेश उतरून घेऊन त्यांचा उलगडा करण्याचें काम चाले. तसेंच १९४१ मध्यें पूर्व आफ्रिकेंत इरिट्रियामधील केरेनच्या डोंगरांत इटालियन सैन्याशीं घनघोर लढाई झाली. तींत मराठा पलटणीचे जवानहि लढले. त्या मोहिमेंत इटालियन सैन्याचे पुष्कळसे गुप्त संदेश इंग्रज सेनापतींस वाचतां येत होते. देशावरून व कोंकणांतून गेलेल्या त्या शिपायांना, किंवा गांवीं त्यांच्या पत्राची वाट पाहणाऱ्या त्यांच्या आईबापांना, कोठल्या तरी खोलींत बसून कोणी अक्षरें जुळवीत आहे व त्याचा आपल्या घराशीं संबंध आहे, याची कल्पना असण्याचा मार्गच नव्हता.

कारण या सर्व कामावर मौनाची मुद्रा होती. प्रत्येकानें रुजू होतांच गुप्ततेची शपथ घेतलेली असे, आणि युद्ध संपल्यावरहि ती सुटली नाहीं. १९७४ मध्यें विंटरबॉथम या माजी अधिकाऱ्याचें पुस्तक निघेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षें, सामान्य लोकांस ब्लेचलीच्या या यशाची वार्ताहि नव्हती. मुलीनें युद्धांत काय केलें हें न कळतांच कित्येक आईबाप मरण पावले. कांहीं पतिपत्नींनीं आपण दोघेंहि तेथेंच कामाला होतों हें एकमेकांस सांगितलें नव्हतें. आणि ज्यानें हें द्वार प्रथम उघडलें तो रेयेव्स्की युद्धानंतर पोलंडांत परत जाऊन हिशेबाची साधी नोकरी करीत होता. आज आपण सकाळीं केलेलें काम दुपारच्या आंत शंभर लोकांस दाखवितों. अशा काळांत या मौनाचें मोल विशेष वाटतें. कोणी पाहत नसतां, कोणी वाहवा करणार नसतां, दिलेलें काम नीट करणें व दिलेला शब्द पाळणें, हीच त्या हजारों तरुणांची खरी मर्दुमकी.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें असें: गूढलिपीची कादंबरी हातीं आली तर ती खुशाल वाचा, पण मिटतांना तीन प्रश्न स्वतःला विचारा. यांतील कोण खरा व कोण कल्पित? येथें एकाच्या नांवावर लिहिलेलें काम खरोखर किती जणांचें होतें? आणि या विजयाची किंमत कोणी दिली? पालकांसहि आमची विनंति कीं, मुलाच्या हातांतील असें पुस्तक काढून न घेतां, रात्रीं जेवतांना हेच तीन प्रश्न त्याला विचारावे. त्यांचीं उत्तरें शोधतां शोधतां तो इतिहास, गणित व भूगोल हे तिन्ही विषय आपण होऊन वाचूं लागेल.

आणि ज्या विद्यार्थ्यास वर्गांत पहिला नंबर कधींच मिळत नाहीं, त्यानें हें विसरूं नये कीं, ब्लेचली येथें पहिल्या नंबरचीं माणसें थोडीं होतीं व बाकीचीं हजारों होतीं. आणि त्या हजारोंवांचून काम झालें नसतें. त्यांच्या अंगीं जो एक गुण होता तो प्रत्येकास मिळविण्यासारखा आहे. तो कोणता, हें आम्ही उघड सांगत नाहीं. वर सांगितलेल्या 'पुढच्या अक्षराच्या' नियमानें त्याचें नांव 'नील' असें लिहिलें जातें. वाचकांनीं तें उलगडून पाहावें.